मानपाड्यात नेब्रास्का

जी गाडी दिवसातून एकदा जाते आणि एकदा येते, जिच्यात माणूस बसत नाही आणि जिच्या वाटेत धड एक स्टेशन नाही, अशा गाडीचं वेड डोंबिवलीच्या माणसाला लागावं, याला काय म्हणायचं? सोसायटीत ज्याने त्याने आपापलं निदान केलं होतं. कुणी म्हणालं, रिटायर झाल्यावर पुरुषांचं असंच होतं. कुणी म्हणालं, एकदा शुगर तपासून घ्या. गांगुर्ड्यांच्या पत्नी दर्शनाबाई यांनी उभा जन्म महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला होता, त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, करायचीच होती तर निदान आपल्याकडची गाडी करायची."

पण रवींद्र गांगुर्ड्यांना आपल्याकडची गाडी नको होती. त्यांना सिद्धेशच्या घरामागून जाणारी गाडी हवी होती.

सिद्धेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत असतो म्हटलं की लोकांना उंच इमारती दिसतात. सिद्धेश नेब्रास्कात होता, एल्म फोर्क नावाच्या गावात, जिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे मका साठवायची पत्र्याची कोठी. मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये तो केमिस्ट होता. गांगुर्डेही इथे मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात केमिस्टच होते. मुलाने बापाची वाट धरली याचा त्यांना अभिमान होता. फक्त ती वाट इतकी लांब जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला सिद्धेशचा व्हिडिओ कॉल यायचा. तो साधारण असा व्हायचा:

"जय भीम, बाबा."

"जय भीम. जेवलास?"

"बाबा, इथे सकाळचे नऊ वाजलेत."

"मग नाश्ता केलास?"

"केला."

"थंडी आहे?"

"आहे."

"बरं. आईला देतो."

आणि आई तेच सगळं पुन्हा विचारायची, फक्त वर "बारीक झालास" एवढं जोडून. संपला फोन. मग दोघं नवरा-बायको समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. बाप-लेकात भांडण होतं म्हणावं तर तेही नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. माया होती, पण मायेला विषय लागतो, आणि तोच नेमका नव्हता.

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका शनिवारी, "थंडी आहे?" या प्रश्नापर्यंत गाडी आलेली असताना (जुलैत थंडी कुठली, पण विचारायची सवय), सिद्धेशच्या मागून भोंगा वाजला. त्याने सहज फोन खिडकीकडे वळवला. उडालेल्या लाल रंगाचं एक म्हातारं इंजिन चार डबे घेऊन माणसाच्या चालीने निघालं होतं. फाट्यापाशी ते थांबलं. ड्रायव्हर स्वतः खाली उतरला, हाताने रुळांचा सांधा बदलला, पँटला हात पुसले आणि परत वर चढला. चढता चढता त्याने सिद्धेशला हात केला.

"हा कोण?" गांगुर्डे म्हणाले.

"डेल. तोच ड्रायव्हर, तोच गार्ड. इथे याला शॉर्टलाइन म्हणतात, बाबा. मोठी रेल्वे जंक्शनपर्यंत येते. तिथून आमच्या कारखान्यापर्यंत ही छोटीशी लाइन. मका घेऊन सकाळी जाते, स्टार्च घेऊन दुपारी परत. कारखान्याच्या फाटकात लाइन संपते."

"म्हणजे पुढे काहीच नाही?"

"पुढे मका."

त्या दिवशी फोन तासभर चालला. डेलला पगार कोण देतो, डब्यांचं वजन किती, सांधा अडकला तर काय करतात. सिद्धेश दोनदा मोठ्याने हसला. दर्शनाबाई स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता बाहेर आल्या आणि लाटणं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ते हसणं त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं.

खरं सांगायचं तर गांगुर्ड्यांना रेल्वेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना पुढच्या शनिवारी बोलायला विषय हवा होता. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. म्हणून त्यांनी ठरवलं, ही लाइन आपण घरात बांधायची. जंक्शनपासून कारखान्यापर्यंत, मक्यासकट.

जागेचा प्रश्न आला. दोन खोल्या आणि हॉल अशा घरात नेब्रास्का मावेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे सिद्धेशची खोली. त्या खोलीत त्याचा पलंग होता आणि दर्शनाबाई दर शुक्रवारी त्याची चादर बदलत. झोपत कुणी नव्हतं, तरी बदलत. गांगुर्ड्यांनी विषय काढताच त्या म्हणाल्या, "त्या खोलीला हात लावायचा नाही." पण दुसऱ्या शनिवारी फोन पुन्हा तासभर चालला. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच चादर काढली, घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "पलंग काढलाय हे त्याला सांगायचं नाही. आपली खोली गेली असं वाटेल त्याला." त्या दिवसापासून फोन आला की दोघं हॉलमध्ये बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नीट बसत, आणि मोबाइल त्या खोलीच्या दिशेने वळणार नाही याची काळजी घेत.

आता सुतार आला. महिपत सुतार कामाचा पक्का, पण आयुष्यभर त्याने फक्त बेड बनवले होते. गांगुर्ड्यांनी त्याला कागदावर सगळं काढून दाखवलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल, वर सपाट प्लायवूड. महिपतने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "साहेब, खाली स्टोरेज?"

"स्टोरेज नको. ही रेल्वे आहे."

"रेल्वे वरती राहील ना. खालची जागा फुकट घालवायची? लोक जागेसाठी मरतात इथे."

"अरे बाबा, नको म्हटलं ना."

महिपतने मान डोलावली. ठाणे जिल्ह्यातल्या सुताराने मान डोलावली याचा अर्थ त्याला पटलं असा नसतो. जुना पलंग तो घेऊन गेला आणि आठवड्याने जो उभा राहिला तो निखळ बॉक्स बेड होता. वरचं झाकण उचलायचं, खाली पोकळी. झाकणाला दोन्ही बाजूंनी ते पंपाचे दांडेही लावले होते, म्हणजे नुसता हात लावला की झाकण आपोआप वर. "बाईंना सोपं जाईल," महिपत म्हणाला. शिवाय तो खोलीत बसून बनवल्यामुळे दारातून बाहेर काढणं देवाच्या बापालाही शक्य नव्हतं.

गांगुर्ड्यांनी चडफडत त्यावरच रूळ ठोकले. दिवाळीपर्यंत जंक्शन झालं, पुठ्ठ्याचा कारखाना झाला, औषधाच्या डब्यांच्या कोठ्या झाल्या, सिद्धेशचं घरही झालं, खिडकीसकट. टूथपेस्टच्या खोक्यांचे मालडबे झाले. डिसेंबरात एका सकाळी गारठा पडला आणि दर्शनाबाईंनी खालच्या पोकळीत ठेवलेली गोधडी काढायला सहज झाकणाला हात लावला. पंप नवे होते. क्षणात अख्खं एल्म फोर्क उभं राहिलं आणि कारखाना, कोठ्या, जंक्शन, पुठ्ठ्याचा डेल, सगळं घरंगळत भिंतीशी गोळा झालं. गांगुर्डे दाढीचा साबण तोंडाला लावून धावत आले. दर्शनाबाई एका हातात गोधडी आणि दुसऱ्या हातात सिद्धेशचं घर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घर मी धरलं. बाकीचं तुम्ही बघा." गांगुर्ड्यांनी झाकणाला खिळे ठोकून टाकले. उरलेल्या गोधड्या आतच राहिल्या आणि दोघांनी थंडी शालीवर काढली.

शनिवारी, खोलीचं नाव न काढता, हे सगळं सांगितल्यावर सिद्धेश इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि म्हणाला, "बाबा, खरं इंजिन पाठवतो. डेलच्याच रंगाचं मिळतं इथे."

आईशप्पथ सांगतो, घरात लक्ष्मी आली असती तर गांगुर्डे इतके खूश झाले नसते. पण पार्सल आलं नाही. आली ती सूचना, की आपली वस्तू अडकली आहे, कार्यालयात या. ते कार्यालय कुठलं ते जाऊ द्या, सगळी कार्यालयं एकाच आईची लेकरं. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे खेळणं आहे का?"

"हो. म्हणजे नाही. मॉडेल आहे."

"लहान मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

गृहस्थांनी पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी चष्म्यातून. "खेळणं असेल तर प्रमाणपत्र लागेल. यंत्र असेल तर तिसऱ्या मजल्यावर."

"शोभेची वस्तू लिहा ना."

"हलते का?"

"हलते."

"मग शोभेची कशी?"

तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, रेल्वे इंजिन आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाले, साहेब रजेवर आहेत. शेवटी एका दयाळू शिपायाच्या सल्ल्याने गांगुर्ड्यांनी स्वयंघोषणापत्र लिहून दिलं, की मी, रवींद्र रामा गांगुर्डे, वय वर्षे एकसष्ट, सदर इंजिनाशी खेळणार नाही व इतर कोणासही खेळू देणार नाही. ज्या माणसाच्या सहीशिवाय कारखान्यातून रंगाचं एक पिंप बाहेर जात नसे, त्याने त्याच पेनाने ही सही केली. 

इंजिन घरी आलं त्या दिवशी ते बघायला खालच्या मजल्यावरचा सुदेश भोईर आला. सुदेश म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, मूळचा इथला. मनाने चांगला, पण हाताला दम नाही. गांगुर्डे इंजिनाचे कागद वाचत होते. "थांब, तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची असते," असं ते म्हणेपर्यंत सुदेशने "काका, बघू तर चालते का," म्हणत प्लग खुपसला होता. फट् असा आवाज आला, वास आला आणि मजल्याची वीज गेली. घरोघरी टीव्हीवर मॅच चालू होती, शेवटची ओव्हर. दारं उघडली. त्या संध्याकाळी गांगुर्ड्यांच्या पूर्वजांचा जो उद्धार झाला, तो लिहिण्यासारखा नाही. सुदेश मात्र अंधारात सगळ्यांना सांगत होता, "काकांची रेल्वे शॉर्ट झाली." नशीब, इंजिन वाचलं आणि नुसता त्याच्या वीजपुरवठ्याचा खोका जळला. कल्याणच्या बाजारातून जुना ट्रान्सफॉर्मर आणून गांगुर्ड्यांनी काम भागवलं.

इंजिन धावू लागलं तशी बघ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकाला एकच दुःख, की हिच्यात माणसं का नाहीत. "काका, मी बोलतो काय, एक प्लॅटफॉर्म टाका," सुदेश म्हणाला. दुसऱ्या कुणी रूळ गोल फिरवून आणायला सांगितला, म्हणजे गाडी थांबायलाच नको. गांगुर्डे चिडून सांगत, की खरी लाइन कारखान्यात संपते, तर माझीही तिथेच संपणार. सुदेशची आई आवडाबाई काठी टेकत वर आली. तिने गाडी जाताना पाहिली, येताना पाहिली, आणि खूप वेळाने म्हणाली, "आरं मास्तर, येवरी गारी, न् एक बी मानूस नाय? मंग तुजा पोर घरा कशान बसून येल?"

गांगुर्डे इंजिनावरची धूळ पुसायला लागले. ते मास्तर नव्हते, मास्तरीण दर्शनाबाई होत्या, हेसुद्धा सांगायचं राहिलं.

मार्चमध्ये जमिनीचं काम निघालं. वाळलेल्या मक्याचा रंग. इथे मात्र गांगुर्डे आपल्या राज्यात होते. तीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाच्या नमुन्याला शेड जुळवून दिली होती. त्यांनी महिपतकडून लाकडाचा भुसा आणला, रंगवला, नमुन्यांना नंबर दिले आणि शनिवारी ते एक एक करून मोबाइलसमोर धरले. सिद्धेशही केमिस्टच. तो खिडकीबाहेर बघून सांगे, "चार नंबरमध्ये लाल जास्त झालाय, बाबा. सातचा जवळ आहे." बाप इकडे टिपून घेई. असे ते कितीतरी शनिवार. गांगुर्ड्यांच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते, हे त्यांना तेव्हाच कळत होतं, आणि म्हणूनच जरा धास्ती वाटत होती.

नववा नमुना पास झाला. गांगुर्ड्यांनी पोतंभर भुसा बाथरूममध्ये रंगवला आणि धुतला. रंग पक्का होता, पाइप पक्का नव्हता. संध्याकाळी सुदेश भोईर ओल्या केसांनी वर आला. त्याचं कपाळ पिवळं होतं, कान पिवळे होते आणि बनियनवर नेब्रास्काचा नकाशा उमटला होता. "काका," तो अगदी शांतपणे म्हणाला, "छतातून केमिकल येतंय."

कारखान्यांचे स्फोट सोसलेल्या डोंबिवलीत केमिकल हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो. अर्ध्या तासात जिना भरला. कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी मुलांना मामाकडे पाठवायची भाषा केली. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली, की रहिवासी सदनिकेत रेल्वे व रासायनिक प्रकल्प चालवण्यापूर्वी सर्व सभासदांचं ना हरकत पत्र घेणं बंधनकारक राहील. ज्या माणसाने नोकरीत एक थेंब सांडू दिला नव्हता, तो साठी उलटल्यावर दारोदार फिरून सह्या गोळा करू लागला. लोकांनी सह्या दिल्या, पण प्रत्येकाने चहाबरोबर उपदेशही दिला. "मुलगा तिकडे आहे, तुम्ही जाऊन या ना, खेळत काय बसता," असं एकजण म्हणाला. गांगुर्डे चहा अर्धा ठेवून उठले.

मे महिना उजाडला आणि सिद्धेशचा व्हिडिओ बंद झाला. "इथलं नेट वीक झालंय, बाबा. आवाजावरच बोलू." बोलू तर बोलू. गांगुर्ड्यांचा एक नियम होता: सिद्धेशने आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच इथे चालवायचं. ऐकीव गाडी चालवायची नाही. म्हणून ते विचारत, "आज गाडी गेली?"

"हो, गेली ना सकाळीच. दोन डबे."

मग फोन झाल्यावर गांगुर्डे इंजिनाला दोन डबे लावून कारखान्यात नेऊन सोडत. पूर्वी सिद्धेश पुढचंही सांगायचा, की दुपारी स्टार्चचे तीन डबे घेऊन परत गेली, डेल आज चिडलेला होता, वाटेत गाय आडवी आली. आता नुसतं "गेली". परत आल्याचं तो सांगेना, म्हणून गांगुर्डेही परत आणीनात. पण पुढच्या शनिवारी इंजिन जंक्शनवर तर पाहिजे. तेव्हा ते चोरासारखे इकडेतिकडे बघून इंजिन हाताने उचलून ठेवत. देवधर्म न मानणारा माणूस, पण तिथे त्यांना वरून हात घालावा लागे, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

असं करता करता जुलै आला. त्या शनिवारी सिद्धेशने "दोन डबे" म्हटल्यावर गांगुर्डे डबे घेऊन गेले आणि बघतात तो कारखान्यात जागाच नाही. सगळा रूळ मक्याच्या डब्यांनी भरला होता. मागचे डबे फाटकाबाहेर आले होते.

ते खुर्चीवर बसले. कारखान्यात माल जातो आहे आणि बाहेर काहीच येत नाही. लाइन तिथे संपते, म्हणजे गेलेली गाडी परत यायलाच हवी, तिला दुसरा रस्ता नाही. येत नसेल तर एकच गोष्ट. ती जातही नाही.

आणि मग त्यांना आपला बाप दिसला. रामा गांगुर्डे कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. कारखान्याला टाळं लागलं, तरी तो अख्खा पावसाळा ते रोज डबा घेऊन घरून निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. शालन, म्हणजे गांगुर्ड्यांची आई, विचारायची, "काम कसंय?" ते म्हणायचे, "चाललंय." कुणाशी भांडण झालं नाही, कुणी सुटी घेतली नाही, मशीन बिघडलं नाही, नुसतं "चाललंय". लहानग्या रवींद्रने एकदा त्यांना उल्हास नदीच्या काठावर मांडीवर बंद डबा घेऊन बसलेलं पाहिलं होतं. तो तसाच मागे फिरून घरी आला होता. आजवर त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

गांगुर्डे स्वयंपाकघरात गेले. "अगं," ते म्हणाले, "सिद्धेशची नोकरी गेलीय."

दर्शनाबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माहितीये मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्या फोनमागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. त्या गावात हा एकटा, आणि याच्याकडे कुकर नाही, मीच न्यायला सांगितला होता तर नको म्हणालेला. दोन-तीन पोरं हिंदीत भांडत असतात मागे. तो त्या गावात नाहीच आहे, अहो. मे महिन्यापासून नाहीये."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर फोन यायचा बंद झाला असता." आता मात्र त्यांनी सुरी खाली ठेवली. "खोटं बोलायला का होईना, तासभर बोलतो तरी."

तो आठवडा कसा गेला हे सांगण्यात अर्थ नाही. शनिवारी साडेसातला फोन वाजला. गांगुर्डे या वेळी हॉलमध्ये बसले नाहीत, त्या खोलीतच नेब्रास्कासमोर उभे राहिले. दर्शनाबाई दाराशी होत्या.

"जय भीम, बाबा. गाडी सकाळीच गेली. दोन—"

"गाडीचं नाही विचारत," गांगुर्डे म्हणाले. "तुझं विचारतोय. कारखाना बंद झालाय ना रे?"

पलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग सिद्धेश म्हणाला, "एप्रिलच्या शेवटी. सगळ्यांनाच काढलं."

"राहतोस कुठे?"

"न्यू जर्सीला. मित्राकडे, हॉलमध्ये सोफ्यावर. नोकरी बघतोय, बाबा. पण व्हिसाची मुदत होती, ती संपलीच. थोडे दिवस वाढवून मागितलेत. नाही झालं तर..."

"अरे, मग सांगायचं नाही का? आम्ही काय परके आहोत?"

 मग त्याचा आवाज आला, तो लहानपणी तापात यायचा तसा. "तुम्ही इतक्या हौसेने रेल्वे करत होता, बाबा. मला वाटलं, गाडी बंद झाली म्हणून सांगितलं तर मग आपण बोलणार काय?"

 त्यांना खूप काही म्हणायचं होतं. मला रेल्वे कधीच नको होती रे, असं म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. दर्शनाबाईंनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

"सिद्धेश, घरी ये."

"आई, अजून एक-दोन ठिकाणी बोलणं चालू आहे."

"ते इथून कर. तू पहिला घरी ये."

 मग त्याने विचारलं, "माझी खोली आहे ना, आई?"

दर्शनाबाईंनी समोर पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ नंबरच्या पिवळ्या रंगाचा मका पसरला होता. खोलीत पाय ठेवायला जेमतेम दोन फरशा उरल्या होत्या.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "होती तशीच आहे."

फोन ठेवल्यावर गांगुर्डे डोळे पुसत म्हणाले, "अगं, त्याला खोटं कशाला सांगितलंस? येऊन बघेलच ना. झोपेल हॉलमध्ये थोडे दिवस, मी महिपतला बोलावतो, सावकाश—"

"तिकडे सोफ्यावर झोपतोय माझा पोरगा. इथे येऊनही सोफ्यावरच झोपणार का?" दर्शनाबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि एका हाताने कोठ्या उपटून टोपलीत टाकायला लागल्या. "आरी आणा. हे अख्खं दारातून निघायचं नाही."

गांगुर्ड्यांनी माळ्यावरून आरी काढली. ती हातात घेऊन ते थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. दर्शनाबाईंनी विचारलं, "कुठून कापायचं?"

"कारखान्यापासून," ते म्हणाले, आणि कापायला लागले.